अठ्ठेचाळिसावं झाड

१४ नोव्हेंबर २००६

आज सकाळी आंघोळ, पूजा आटोपून पहिलं काम हे केलं — मोरचूद आणि चुना कालवला आणि अगरच्या झाडांची भोकं बुजवली.

काल दिवसभर पुण्याच्या कंपनीची माणसं ड्रिल घेऊन त्या झाडांच्या मागे लागली होती. सात वर्षं वाढवलेली झाडं. पहिले दोन उन्हाळे तर मी आणि गेणूनं विहिरीवरून हंड्यानं पाणी घातलं. काल एकेकाला तीस-तीस भोकं पाडली, बुडापासून डोक्याच्या वरपर्यंत, आणि प्रत्येक भोकात पिचकारीनं औषध सोडलं. कंपनीचे सुपेकर साहेब म्हणाले, झाड आजारी पडल्याशिवाय आत तो काळा, धुपासाठी विकला जाणारा सुगंधी अगर धरत नाही. असेल. पण ड्रिलचा तो आवाज! पांढरा भुसा बुडाशी पडत होता. मला बघवेना. गेणूला तिथं ठेवलं आणि मी देवळात जाऊन बसलो.

गेणू बावीस वर्षं आमच्याकडे सालगडी आहे. औषधाच्या बाटल्यांची थर्माकोलची पेटीसुद्धा परवापासून त्याच्याच ताब्यात होती, बर्फ घालून.

आज जाऊन बघतो तर सगळी भोकं उघडी! द्राक्षाची काडी छाटली तरी आपण पेस्ट लावल्याशिवाय बागेतून बाहेर पडत नाही. वडील म्हणायचे, उघडी जखम ठेवून जेवायला बसू नये — माणसाची असो नाहीतर वेलाची. बोटानं आत ढकलून ढकलून एकेक भोक बंद केलं. गेणू बादली धरून मागे. मधेच सुरू झाला, "मालक, त्यो सायब म्हनला —" मी म्हटलं, साहेबाला ड्रिल कळतं, झाड मला कळतं. बादली उचलून पुढच्या झाडाकडे वळला.

झाडं अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस झाली. ओढ्याकडच्या शेवटच्या झाडाला पेस्ट पुरली नाही. उद्या लावीन.

हात अजून निळे आहेत. मन शांत आहे.

२० नोव्हेंबर २००६

द्राक्षावर डावणीचा रोग आला. पाच दिवस नुसती फवारणी. अगरचं शेवटचं झाड राहिलंच. राहू दे.

२ मे २००७

अगरच्या सावलीत भाकरी खाल्ली. काळ्या अगरचा पहिला तुकडा खंडोबाच्या धुपाटण्यात घालायचा, असं मी बोललोय. गेणूला सांगितलं. तो म्हणाला, "मुक्या झाडाला दुखवून काढल्याला वास. द्येवाला चालंल का मालक?"

मी म्हटलं, चंदन उगाळतोच ना आपण?

"चंदन उगाळत्यात. भोसकत न्हाईत."

चिडलो. ह्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. दिवसभर बोललो नाही त्याच्याशी. त्याला काही फरक पडला असं दिसलं नाही, बैलांशी बोलत बसला होता.

२० मे २००८

पांढरं! पिठासारखं पांढरं!

दीड वर्ष झालं म्हणून विहिरीजवळचं एक झाड पाडलं. आडवं कापलं, उभं चिरलं. काळी रेघ नाही, वास नाही, काही नाही. भोकांच्या जागा साल धरून भरून आलेल्या. अंगणात टाकलेल्या पेरूच्या फांदीत आणि ह्याच्यात काही फरक नाही. आमचा भाऊबंद भिमाजी बांधावरून बघत होता. "चांगदेव, चुलीला बरं हाय राव! आंघुळीच्या पान्याला सुगंध यील!" हसला वर.

हिनं, म्हणजे वैजयंतीनं, हातातला तुकडा नाकाशी धरला आणि खाली ठेवला. भिमाजीच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

सुपेकराला फोन केला. आळेफाट्यापर्यंत जाऊन केला, गावात कोणी ऐकायला नको. मला शिव्या येत नाहीत. आज आल्या.

२३ मे २००८

सुपेकर आला. झाडाभोवती दोन चकरा मारल्या, खपली नखानं उकरली, म्हणाला, "औषध पोचलंच नाही. किंवा मेलेलं पोचलं."

औषध मरतं?

"अहो, औषध म्हणजे बुरशी आहे. जिवंत. ती झाडात वाढते, झाड तिच्याशी भांडतं, त्यातून अगर तयार होतो. म्हणून तर बर्फात ठेवायला सांगितली होती. पेटी कोणाकडे होती?"

बुरशी! तीस वर्षं द्राक्षाच्या बागेत बुरशीशी भांडतोय, आणि हा माणूस माझ्याच रानात बुरशी सोडून गेला! मी त्याला तोंडावर म्हटलं. त्याचं पुन्हा तेच — पेटी कोणाकडे होती?

गेणूकडे होती.

"मग त्यानं उन्हात ठेवली असणार. किंवा ओतून पाणी भरून ठेवलं. असं घडतं, गडीमाणसांना हे पटत नाही." जाताना म्हणाला, झाडं जिवंत आहेत, पुन्हा भोकं पाडून औषध देता येईल. मी म्हटलं, पुन्हा ड्रिल घेऊन माझ्या बांधावर पाय ठेवलास तर बघ.

"भोसकत न्हाईत." गेणूचं वाक्य दिवसभर डोक्यात आहे. ह्याला ते पहिल्यापासून नको होतं. दोन दिवस पेटी ह्याच्या छपरात. दुसरं कोण?

२५ मे २००८

विचारलं. सरळ विचारलं, गोठ्यात. "न्हाई मालक." एवढंच. कडब्याची पेंढी सोडत होता, ती सोडतच राहिला. मला इतका राग आला! मी म्हटलं, देवासमोर सांगशील? म्हणाला, सांगीन.

रविवार होता, खंडोबाच्या देवळात दहा-पंधरा माणसं होती. गेणूनं हातपाय धुतले, टोपी काढली, बेल-भंडार उचलला. "पेटी मी उन्हात ठिवली न्हाई. अवशिदाला हात लावला न्हाई. खोटं आसंल तर माझं वाटुळं हुईल."

मग कोणी केलं?

माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मालक, तुमी रोज वहीत लिवता नव्हं? तितं बगा."

माझ्या वहीत! मी काय गुन्हेगार म्हणून लिहितो? सगळ्यांसमोर मला वही बघायला सांगतो! जे तोंडात आलं ते बोललो. "बेल-भंडार हातात धरून खोटं बोलतोस! देवाला फसवणारा माणूस मला गोठ्यात नको." चोर म्हणालो. दोनदा.

त्यानं बेल पायरीवर ठेवला, हाताचा भंडारा कपाळाला लावला आणि बाहेर गेला.

चोरच आहे. दुसरं काय म्हणायचं? चोर.

२६ मे २००८

पहाटे गेला. विळा, कोयता, गोठ्याची किल्ली — सगळं ओळीनं ओट्यावर ठेवून.

९ जून २००८

नवीन गडी धारेला बसला की तांबडी लाथ मारते. जनावरालासुद्धा गेणूच पाहिजे! मी बसलो. मलाही मारली.

१७ जुलै २००८

भिमाजी मंचरच्या बाजारात गेला होता, तिथं गेणूच्या गावाची, डोंगराकडची माणसं भेटली. गेणूची गोष्ट तिकडेही पोचलीय. कशी पोचली विचारलं तर म्हणतो, "म्या काय पेपरात दिलं न्हाई. सहज बोलाया निगालं." ह्याची जीभ आळेफाट्याच्या गाड्यांपेक्षा जास्त गावं फिरते.

वैजयंती म्हणाली, "आता झालं ना तुमच्या मनासारखं?"

माझ्या मनासारखं! अगर गेला माझा, गडी गेला माझा, आणि बोलणी मलाच!

११ सप्टेंबर २००८ — दुपारी

आळेफाट्याहून मशीनची करवत घेऊन माणूस बोलावला. एक तर मे महिन्यातच पाडलं होतं, बाकीची सत्तेचाळीसही पाडून टाकायची. रोज विहिरीवर जाताना ती बघायची नाहीत मला. पांढरं, पांढरं, पांढरं. मी मोजत उभा होतो. पडताना एकेक झाड असं झुकायचं की जणू काही विचारायला वाकलंय. मी म्हटलं, पाड.

ओढ्याकडच्या शेवटच्या झाडाला करवत लागली आणि तो माणूस थांबला. "भाऊ, ह्ये आतून किडलंय बगा. काळं हाय."

काळं! भोकाभोकापासून वर-खाली काळ्या ज्योती गेलेल्या, जशी भिंतीवर दिव्याची काजळी. एक ढलपी घरी आणून चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवली. देवा! सगळं घर भरलं. वैजयंती न्हाणीतून ओल्या हातानं बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

आणि मग तो राग आला — मे महिन्यातला राग काहीच नव्हता. म्हणजे औषध चांगलं होतं! सत्तेचाळीस झाडांचं ओतून टाकलं आणि ओढ्याकडचं एक झाड शिल्लक ठेवलं — स्वतःसाठी! लांबचं, कोणाच्या नजरेत न येणारं! आता जातो त्याच्या गावाला. तारखेसकट विचारतो. कोणत्या दिवशी कोण कुठं होतं, सगळं वहीत आहे. तूच म्हणालास ना वहीत बघा? बघतो!

११ सप्टेंबर २००८ — संध्याकाळी

बघितलं.

"ओढ्याकडच्या शेवटच्या झाडाला पेस्ट पुरली नाही. उद्या लावीन."

माझंच अक्षर.

मोरचूद कशासाठी लावतात? आमच्या निमगावातलं शाळेत जाणारं पोरगंही सांगेल. बुरशी मारायला! जिवंत बुरशी झाडात सोडून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, पूजा करून, मी बोटानं एकेका भोकात मोरचूद भरला. ढकलून ढकलून. सत्तेचाळीस झाडं. सुपेकर बुरशी म्हणाला तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही. येणार कसं? जखमेला पेस्ट लावणं हे मी काही केलं असं मला कधी वाटलंच नाही. दार लावून घेतलं हे कोणी लक्षात ठेवतं का?

आणि गेणू सांगत होता. "त्यो सायब म्हनला —" ते वाक्य मी त्याला पुरं करू दिलं नाही.

त्यानं बेल-भंडार उचलला. मी, एकादशा करणारा, रोज दिवा लावणारा — मी त्या भंडाऱ्यावर विश्वास ठेवला नाही.

सत्तेचाळीस झाडं बांधावर आडवी पडलीत. ती जिवंत होती. त्यातल्या शेहेचाळिसांना पुन्हा औषध देता आलं असतं.

१४ सप्टेंबर २००८

पाऊस आहे. रस्ता खराब असेल. पुढच्या आठवड्यात जाईन.

२२ सप्टेंबर २००८

पाऊस नाही. गेलो नाही. लाज वाटते हे लिहायला — पण वहीत तरी खोटं कशाला.

वैजयंतीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चोर म्हनताना घोडेगावला ऐकू जाईल एवढा आवाज व्हता तुमचा. आता का घसा बसला?"

५ ऑक्टोबर २००८

गेलो. पारगाववरून मंचर, मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभ्याची गाडी, पुढं चालत. भातखाचरं पिवळी पडायला लागलीत. गेणूचं घर वाडीच्या टोकाला. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा गेलो!

दारात त्याची बायको बयाबाई. कमरेवर हात. "आलं का न्यायादीश! आज कोनाला देवळात उभं करायचंय?" मी म्हटलं, मलाच. तिनं तांब्या आणून पुढं ठेवला. "पानी प्या. लांबनं आलाय. च्या न्हाई मिळायचा."

गेणू खाचरातून आला. पाय चिखलाचे. मी वही काढली, पहिलं पान वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं आणि नुसता चिखल खरवडत राहिला.

तुला माहीत होतं?

"बादली मीच धरली व्हती की."

मग बोलला का नाहीस देवळात?

"द्येवळात चार मानसांम्होरं तुमी उबं व्हता. मी तुमचं नाव घ्यायचं व्हतं व्हय? मला इचारलं तू केलंस का. म्या न्हाई केलं म्हनलो. खरं बोललो. बाकीचं तुमच्या वहीत व्हतं."

मला ओरडावंसं वाटलं त्याच्यावर! एवढा शहाणपणा कशाला? एक वाक्य बोलला असतास तर! पण ते वाक्य तो नोव्हेंबरातच बोलत होता. मीच तोडलं.

मग बयाबाई बोलली. ह्यांच्या वाडीच्या वर वाघोबाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. वाघबारशीला सगळी गुराखी माणसं तिथं जमतात आणि पहिला दिवा लावायचा मान गेणूच्या घराचा, त्याच्या आज्याच्या आधीपासूनचा. यंदा वाडीनं ठरवलं, दिवा चुलतभाऊ भागू लावील. "खंडोबाला फशिवनारा मानूस, त्याच्या हातचा दिवा वाघोबा कसा घील? गुरांना वाघ लागंल, म्हनत्यात. ह्ये तुमच्या एका शब्दानं झालं, पावनं."

गेणू म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं."

परत येताना गाडीत बसायला जागा होती. उभाच राहिलो.

१२ ऑक्टोबर २००८

आज देवळात सांगितलं. सगळे जमेपर्यंत थांबलो आणि सांगितलं — झाडं मी मारली, गेणू खरा.

काय व्हावं? कोणी मानेना! भिमाजी उठला आणि म्हणाला, "बगा, चांगदेव द्येवमानूस हाय आपला. गड्याचं पाप सोताच्या अंगावर घेतोय." दोन म्हातारे माझ्या पाया पडायला आले. पाया! मी ओरडलो, अरे मी खरं सांगतोय! तर म्हणतात, "आसंच आसतं राव मोठ्या मनाचं."

गेणू बेल-भंडार उचलून खरं बोलला तर चोर. मी नुसतं तोंडानं बोललो तर देवमाणूस. आणि हे खोटं आहे असं म्हटलं की आणखी मोठा देवमाणूस! असा राग मला स्वतःचाही आला नव्हता.

बेल-भंडार उचलू? उचलला तरी हेच म्हणतील. ह्या लोकांना भंडारा दिसत नाही, तो कोणाच्या हातात आहे तेवढंच दिसतं. मला तरी मे महिन्यात दुसरं काय दिसलं होतं?

१९ ऑक्टोबर २००८

एकच गोष्ट आहे जी मी आज ठरवून बनवू शकत नाही. दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि निळे डाग पडलेलं पान.

पण मग सगळंच वाचावं लागेल. पहिलं पान वाचलं की चोर लिहिलेलंही वाचावं लागेल. भिमाजीच्या जिभेचंही. रस्ता खराब आहे म्हणून घरी बसलो ते. ही वही आजवर हिनंसुद्धा उघडलेली नाही.

वाघबारशीला सहा दिवस आहेत.

२५ ऑक्टोबर २००८, वाघबारस

हे सुट्या कागदावर लिहितोय.

सकाळी खंडोबासमोर वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. भिमाजी मधेच उठून गेला. कोणी देवमाणूस म्हणालं नाही, कोणी पाया पडलं नाही. दुपारी डोंगरात वाघोबासमोर पुन्हा वाचलं. भागूनं काडेपेटी गेणूच्या हातात दिली.

शेवटच्या झाडाचा पहिला अख्खा तुकडा मी नेला होता. खंडोबाला बोललेला. गेणूनं तो वाघोबापुढच्या निखाऱ्यावर ठेवला. बयाबाईनं चहा दिला.

परत येतोस का, हे मी विचारलं नाही. वही तिथंच ठेवून आलो — कोणी पुन्हा काही म्हणालं तर दाखवायला. ती आता गेणूची आहे.